क्रॉफर्डचा बाजार, फुल्यांची मंडई

मुंबईच्या किल्ल्याचा तट 1862 नंतर पाडायला घेतला, तेव्हा शहराच्या मधोमध एकाएकी मोकळी जागा हाती आली. तोवर कोटातली मुंबई एकीकडे आणि कोटाबाहेरची दाट वस्तीची मुंबई दुसरीकडे अशी विभागणी होती. मधले मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे राखलेले होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात हे मैदान नव्या रस्त्यांसाठी आणि नव्या इमारतींसाठी खुले झाले. या मैदानाच्या उत्तर टोकाला, जिथे कोटातून बाहेर पडणारा माणूस गावठाणातल्या मुंबईत शिरत असे, नेमक्या त्या सांध्यावर 1869 मध्ये एक मोठी बाजाराची इमारत उभी राहिली. आज जिला आपण महात्मा जोतीराव फुले मंडई म्हणतो आणि बोलताना अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणतो, तीच ही इमारत.

दीडशे वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या या वास्तूबद्दल पर्यटकांच्या पुस्तकांतून बरेच छापून आले आहे. त्यात इमारतीची शैली सांगितलेली असते, किपलिंगचे नाव असते आणि मनोऱ्याचे छायाचित्र असते. संस्थेचा इतिहास म्हणून पाहिले तर त्यातली खरी गोष्ट निसटून जाते. मुंबईकरांच्या कराच्या पैशातून कोणी, किती आणि कोणाला विचारून खर्च करायचा, हा प्रश्न ज्या धामधुमीत पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला, ती धामधूम आणि या मंडईची उभारणी एकाच काळातली आहे आणि दोन्हींच्या मध्यभागी एकच माणूस आहे.

तो माणूस म्हणजे आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. 1865 च्या कायद्याने मुंबईच्या कारभाराची घडी बदलली. सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींची एक सभा आणि प्रत्यक्ष काम करणारा एकच अधिकारी, म्हणजे म्युनिसिपल कमिशनर, अशी ती रचना होती. क्रॉफर्ड हा पहिला कमिशनर. नेमणूक झाली तेव्हा तो जेमतेम तिशीत होता. साल मात्र वाईट होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला होता आणि चार वर्षे मुंबईत पैशांचा पूर आला होता. युद्ध संपले, भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 रोजी शेअरबाजाराचा फुगा फुटला. अनेक बँका आणि पेढ्या बुडाल्या, कालचे लक्षाधीश दिवाळखोरीत निघाले. अशा शहराचा कारभार क्रॉफर्डच्या हाती आला.

त्याने हात आखडला नाही. गटारे, रस्ते, साफसफाई यांवर त्याने धडाक्याने काम सुरू केले. डॉ. ह्यूलेट हे आरोग्य अधिकारी त्याच्या जोडीला होते. शहराच्या मध्यवस्तीत जनावरे कापली जात, ते कत्तलखाने त्याने वांद्र्याला हलवले. मंडईचा विचारही या आरोग्याच्या कामातूनच आला, हे विसरता कामा नये. त्या वेळी मांस, मासळी, भाजी, फळे हे सारे गल्लीबोळांतून, दमट आणि अंधाऱ्या जागांत विकले जाई. माल ताजा आहे की कुजका, हे तपासायला ना उजेड होता ना जागा. सरकारी नजरेखाली असलेला, धुता येणारा, हवा खेळती असणारा एकच मोठा बाजार बांधायचा आणि विक्री तिथे आणायची, ही कल्पना त्या काळाला नवी होती. या इमारतीच्या प्रत्येक मोठ्या निर्णयामागे, मग तो छताच्या उंचीचा असो की फरसबंदीचा, हेच कारण सापडते.

आराखडा विल्यम एमर्सनचा. लंडनमधल्या विल्यम बर्जेस या नामवंत वास्तुविशारदाचा हा शिष्य. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेसाठी बर्जेसने केलेला आराखडा घेऊन तो मुंबईला आला होता. तो आराखडा खर्चिक ठरला आणि प्रत्यक्षात उतरलाच नाही, पण शिष्य मुंबईत रमला आणि त्याला मंडईचे काम मिळाले. पुढे अलाहाबादचे म्यूर कॉलेज, भावनगरमधल्या इमारती आणि अखेरीस कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल अशी मोठी कामे एमर्सनच्या नावावर जमा झाली. संगमरवरी व्हिक्टोरिया मेमोरियल पाहायला लोक लांबून जातात. मला मात्र त्याचे मुंबईतले तरुणपणातले काम अधिक मोलाचे वाटते, कारण इथे दिमाख आहे तो कामाच्या पोटातून आलेला आहे.

जागा दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची. एका बाजूला हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. दुसऱ्या बाजूला कार्नॅक रोड, म्हणजे आजचा लोकमान्य टिळक मार्ग. एमर्सनने कोपऱ्यावर मध्यवर्ती दालन ठेवले, त्यावर 128 फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा चढवला आणि दालनाच्या दोन्ही अंगांना दोन लांब पाखी काढली. उजवीकडचे पाखे 150 फूट लांब आणि 100 फूट रुंद, ते फळांचे आणि फुलांचे. डावीकडचे 350 फूट लांब आणि तेही 100 फूट रुंद, ते भाजीपाला, मसाले आणि इतर मालाचे. मांस आणि मासळी यांची सोय मागच्या बाजूला, वेगळ्या छपरांखाली. सगळा आवार 22,471 चौरस मीटरचा आणि त्यातली मुख्य इमारत 5,515 चौरस मीटरची. म्हणजे तीन चतुर्थांश जागा मोकळी ठेवली होती. गाड्या उभ्या राहाव्यात, माल उतरावा, कारंज्याभोवती बाग असावी यासाठी ती जागा होती. आजच्या गर्दीत उभे राहून हे प्रमाण डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते, पण मूळ कल्पना समजून घ्यायची असेल तर ते आणलेच पाहिजे.

बाहेरून इमारत दगडी आणि भारदस्त. कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर, खडबडीत दगड भिंतींना आणि वसईचा तांबडा दगड कमानींना आणि कडांना. दोन रंगांच्या या मेळाने उन्हात इमारत खुलून दिसते. शैली बाराव्या-तेराव्या शतकातल्या फ्रेंच गॉथिक धाटणीची, त्यात नॉर्मन आणि फ्लेमिश वळणे मिसळलेली. तीव्र उताराची छपरे, टोकदार कमानी, कोपऱ्यावर मनोरा, असे हे युरोपीय रूप मुंबईच्या दगडात उतरले आहे. आत पाऊल टाकले की दगड संपतो आणि लोखंड सुरू होते. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर लांबच लांब पेललेले छप्पर आणि जवळपास 15 मीटर उंचीवरून झिरपणारा उजेड. दिवे टांगण्यासाठी केलेले लोखंडी कंसही पंखवाल्या ड्रॅगनांच्या आकाराचे आहेत. गरम हवा वर चढून छपराच्या फटींतून निघून जाते आणि खाली माल मांडलेल्या जागेत सावली राहते. जमिनीला स्कॉटलंडमधल्या केथनेसच्या फरशा घातल्या, कारण त्या दाट, गार आणि पाण्याने धुवायला सोप्या. इतक्या दूरवरून फरशा जहाजाने आणण्याचा खर्च त्या काळी अनेकांना खटकला असणार. पण रोज सकाळी आणि संध्याकाळी ज्या जमिनीवर भाजीचा चिखल आणि फळांचा रस सांडणार, ती जमीन कशाची असावी, हा प्रश्न एमर्सनने मनावर घेतला होता.

हाच काळ युरोपात लोखंड आणि काच यांच्या बाजारांचा होता. पॅरिसमध्ये बाल्तारने ले आल हा प्रचंड बाजार लोखंडी छत्र्यांखाली उभा केला होता. मिलानमध्ये 1865 साली पायाभरणी होऊन 1867 मध्ये गॅलेरिया व्हित्तोरियो एमानुएले खुली झाली. काचेच्या छताखालचे तिचे रस्ते आणि त्यांवरची उंची दुकाने म्हणजे त्या शतकाच्या श्रीमंतीचे प्रदर्शनच. मुंबईची मंडई या कुळातली आणि जवळपास त्याच वर्षांतली. फरक असा, की मिलानची गॅलेरिया फिरायला आणि मिरवायला बांधली होती, आणि इथे कोबी, मिरच्या, केळी आणि मासळी यांच्यासाठी तेवढ्याच तोलामोलाची वास्तू उभी राहिली. पॅरिसच्या बाजाराची छपरे 1971 पासून पाडून टाकण्यात आली आणि त्या चुकीबद्दल पॅरिसकर आजही हळहळतात. मुंबईची मंडई टिकली. ती कशी टिकली, त्याकडे पुढे येऊच.

मंडईच्या समोरच सर जे. जे. कलाशाळा. तिथे 1865 मध्ये वास्तुशिल्पाचा शिक्षक म्हणून जॉन लॉकवूड किपलिंग रुजू झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलाशाळेच्या आवारात त्याला मुलगा झाला, तोच पुढे रडयार्ड किपलिंग. बापाचे काम मंडईच्या दारावर आहे. मुख्य प्रवेशाच्या कमानींवर त्याने कोरलेली उठावशिल्पे म्हणजे शेतकऱ्यांची चित्रे. धान्याच्या पेंढ्या, कामात वाकलेली माणसे, इथली वेशभूषा, इथली शरीरे. इंग्रज राज्यात बांधलेल्या मोठ्या इमारतींवर राणी, गव्हर्नर किंवा रोमन देवता कोरायची पद्धत होती. इथे दारावर मालाचा धनी आहे, शेतकरी. आतल्या चौकातले कारंजेही एमर्सन आणि किपलिंग यांच्या जोडीचे. त्यावर प्राणी आहेत, पक्षी आहेत, नद्यांच्या देवता आहेत. पैसे दिले सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. शहरभर पाणपोया आणि कारंजी बांधून देणाऱ्या या दानशूर पारशी गृहस्थाने मंडईतल्या माणसांच्या तहानेचाही विचार केला. पुढच्या काळात या कारंज्यावर रंगाचे थरावर थर चढले, त्याच्या पायऱ्यांवर पेट्या रचल्या गेल्या. इतके देखणे काम इतकी वर्षे झाकून राहिले, याची खंत कोणालाही वाटावी.

मंडई खुली झाली, शहराला आवडली, पण क्रॉफर्डचे दिवस भरत आले होते. त्याच्या कारभाराचा वेग आणि त्याच्या खर्चाचा वेग दोन्ही सारखेच होते. म्युनिसिपालिटी कर्जात गेली, कर वाढले आणि करदाते चिडले. 1871 मध्ये जस्टिस मंडळींत जेम्स फोर्ब्स यांनी त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली. जागोजाग सभा झाल्या. सगळे शहर एका बाजूला होते, तेव्हा सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर वेगळेच बोलला. नोव्हेंबर 1871 मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहा मेहता यांनी निबंध वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: क्रॉफर्डने शहराचे भले केले आहे, एकच जबाबदार कार्यकारी अधिकारी असणे चुकीचे नाही, दोष आहे तो त्याला हिशेब विचारणाऱ्यांचा, कारण ते सरकारने नेमलेले आहेत, कर भरणाऱ्यांनी निवडलेले नाहीत. श्रोत्यांना ते रुचले नाही, सभेत गोंधळ झाला. पण पुढच्याच वर्षीच्या, 1872 च्या कायद्याने 64 सभासदांची नगरपालिका आली आणि त्यातले 32 सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार थोडे होते. तरीही मुंबईत मतपेटीची वाट इथून सुरू झाली. मंडईचे दगड ज्या खर्चातून चढले, त्याच खर्चाच्या भांडणातून ती वाट निघाली.

1882 मध्ये मंडईने आणखी एक गोष्ट मुंबईला पहिल्यांदा दाखवली. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने इथे विजेचे दिवे लावले. वर्षभरातच कंपनी डबघाईला आली आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेला. मुंबईच्या घराघरात वीज पोहोचायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

मंडईच्या दोन्ही नावांचा विचार करायचा तर 1888 या एका सालावर थांबावे लागते. क्रॉफर्ड तोवर मुंबई सोडून पुण्यात मध्यभागाचा महसूल कमिशनर झाला होता आणि त्याच्या कर्जबाजारीपणाची व लाचखोरीची चर्चा दख्खनभर होती. त्याच्या वतीने हणमंतराव जहागीरदार नावाचा मध्यस्थ मामलेदारांकडून पैसे घेतो, असा आरोप होता. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने 1888 च्या उन्हाळ्यानंतर क्रॉफर्डला निलंबित केले. तो वेषांतर करून निसटू पाहत असताना मुंबईत पकडला गेला. पुण्यात चौकशी आयोग बसला. लाचेचे आरोप आयोगाने सिद्ध मानले नाहीत, पण हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल त्याला नोकरी गमवावी लागली. जहागीरदाराला शिक्षा झाली. ज्या मामलेदारांनी अभय मिळाले म्हणून साक्ष दिली, त्यांच्यावरच सरकार उलटले, तेव्हा त्यांची बाजू घेऊन उभे राहिले बाळ गंगाधर टिळक. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला हा पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी एक. मंडईच्या एका अंगाच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

त्याच 1888 सालच्या मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राणीच्या मुलासमोर उभे राहून या देशातल्या खऱ्या रयतेबद्दल बोलले. मे महिन्यात, 11 तारखेला, मुंबईत मांडवी कोळीवाड्यातल्या सभेत विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. मांडवी मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या सभेला आलेल्या अनेकांच्या घरातली भाजी याच बाजारातून येत असणार. आणि त्याच साली मुंबईच्या नगरपालिकेचा तो कायदा झाला, ज्याच्या आधारे सुधारणांसह आजही महापालिकेचा कारभार चालतो. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा त्या घडणीत मोठा हात होता.

फुल्यांचे आणि मंडईचे नाते आणखीही एका वाटेने येते. 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर 1880 मध्ये हजार रुपये खर्चायचे ठरले, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. पुण्यात लाखो रुपये घालून मोठी मंडई बांधायचा बेत आला, तेव्हाही त्यांनी विरोध केला. गरिबांच्या मुलांच्या शाळांना पैसे नसताना हा थाट कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. ती मंडई झाली. 1886 मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि तिला रे मार्केट हे नाव मिळाले, क्रॉफर्डला निलंबित करणाऱ्या त्याच लॉर्ड रे यांचे. पुढे पुण्याच्या आणि मुंबईच्या दोन्ही मंडयांना फुल्यांचे नाव लाभले. ज्यांनी खर्चाचा हिशेब मागितला, त्यांचे नाव अशा इमारतीला असणे मला योग्यच वाटते. 1883 मध्ये शेतकऱ्याच्या हलाखीवर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा माणूस आणि दारावर कोरलेला तो शेतकरी एकाच जागी आहेत. नाव देणाऱ्यांच्या मनात हे सारे धागे होते की नव्हते, याने काही फरक पडत नाही. धागे खरे आहेत.

विसाव्या शतकात मंडईने मुंबईच्या पोटाची जबाबदारी वाहिली. मार्च लागला की कोकणातून हापूसच्या पेट्या येत, गवत उकलून आंबा हातात घेऊन भाव ठरे. डोक्यावर पाटी घेऊन माल घरापर्यंत पोहोचवणारे हमाल ही मंडईची ओळख होती. सुका मेवा, मसाले, विलायती चॉकलेटे आणि चीज, पिंजऱ्यातले पक्षी, वाढदिवसाचे सामान, अशी एकेक जिन्नस येत गेली आणि गाळ्यांची संख्या वाढत गेली. 1996 मध्ये फळांचा आणि भाजीचा घाऊक व्यापार वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत गेला. पहाटेच्या लिलावाची गजबज तिकडे हलली. इथे किरकोळ विक्री राहिली आणि तिच्याबरोबर पिढीजात गाळेधारक राहिले. हा बदल मंडईला जड गेला, पण मुख्य इमारतीवरचा बोजाही त्यामुळे थोडा उतरला.

नव्या शतकात सर्वांत मोठे संकट पुनर्विकासाचे होते. मोक्याच्या जागेवरचा एवढा मोठा आवार पाहून 2007 च्या सुमारास खासगी विकासकाकडून तो नव्याने बांधून घेण्याचा प्रस्ताव आला. मूळ वास्तू वारसा यादीत पहिल्या श्रेणीची. तरी मागच्या भागात उंच इमारती उठल्या असत्या तर एमर्सनच्या मोकळ्या आवाराचे काय झाले असते, हे सांगायला नको. नागरिक, वारसाप्रेमी आणि अनेक गाळेधारक यांनी विरोध केला. वर्षानुवर्षे वाद चालला आणि प्रस्ताव मागे पडला. महापालिकेने मग स्वतःच दुरुस्ती हाती घेतली. संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली मूळ इमारतीचे छप्पर, दगडकाम आणि मनोरा यांचे काम झाले, मागच्या भागाची नव्याने बांधणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. दगडावरचा काजळीचा आणि रंगाचा थर निघाला तेव्हा वसईच्या तांबड्या दगडाच्या रेषा पुन्हा उठून दिसल्या.

या इतिहासात एक उणीव उघड आहे. आतापर्यंत सांगितले ते कमिशनर, वास्तुविशारद, दाते, गव्हर्नर, नगरसेवक यांच्याबद्दल, कारण त्यांची नावे अहवालांत आहेत. ज्यांनी कुर्ल्याचा दगड फोडला, किपलिंगच्या हाताखाली शिल्पे घासली, चार-चार पिढ्या एकाच गाळ्यावर बसून केळी आणि कोथिंबीर विकली, पाट्या वाहिल्या, मासळीच्या फळ्या रात्री धुऊन काढल्या, त्यांचा मंडईशी संबंध कागदावर फारसा नाही. तो आहे घरोघरच्या पेटाऱ्यांत: जुन्या भाडेपावत्या, परवाने, वजनमापाची प्रमाणपत्रे, गाळ्यासमोर काढलेले आजोबांचे छायाचित्र, आंब्याच्या हंगामाच्या वह्या. ही स्मरणिका ज्या गाळेधारक आणि हमाल कुटुंबांच्या हाती पडेल, त्यांनी असे कागद रद्दीत देऊ नयेत. मूळ कागद आपल्याकडेच ठेवून त्यांच्या नकला महापालिकेच्या बाजार विभागाकडे आणि शहराच्या एखाद्या ग्रंथालयाकडे सुपूर्द कराव्यात, त्यासोबत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी तारखेसह लिहून द्याव्यात. मंडईच्या पुढच्या स्मरणिकेचे पहिले प्रकरण त्यांचे असावे.